उजव्या बाजूचं दार

बाबांशी एक वाक्य बोलायला मी अमेरिकेतलं वाळवंट गाठलं, यावरूनच माझ्या धाडसाची कल्पना यावी. विलायतेतल्या माझ्या स्टॅनमोरच्या घरात ते तीन आठवडे माझ्यासमोर चहा पीत बसत होते, पण "आता गाडी चालवणं बंद करा" हे काही माझ्या तोंडून निघेना. नाशिकहून शेजारच्या काकूंचा फोन आला होता: बाबांनी सोसायटीच्या गेटला दुसऱ्यांदा गाडी ठोकली, वॉचमन थोडक्यात वाचला. आई गेल्यापासून ते एकटेच राहतात. गाडी म्हणजे त्यांचे हातपाय. मला ड्रायव्हिंग शिकवलं तेही त्यांनीच, ओरडून ओरडून.

म्हटलं, चार दिवस सुट्टी काढू, युटाहला जाऊ, भाड्याच्या गाडीत दोघंच असू, तिथे सांगू. फोनवर ऑडिओ टूर डाउनलोड करून घेतली होती. ठरावीक जागा आली की एक बाई आपोआप बोलायला लागायची आणि "पुढच्या वळणावर थांबा" असा हुकूम सोडायची. बाबा दर वेळी तिला "बरं बाई" म्हणायचे. दोन्हीकडे कौलांच्या रंगाचे उंच कडे, समोर मैलोन्‌मैल मोकळा रस्ता, आणि मी मनात तेच वाक्य घोळवत होते. स्वतःचाच भयंकर राग येत होता.

चौथ्या स्टॉपला उतरून फोटो काढले, तेव्हा बाबांनी हात पुढे केला.

"किल्ली दे. जरा मी चालवतो."

आली का पंचाईत. "इन्शुरन्स फक्त माझ्या नावावर आहे, बाबा."

"पार्किंगमध्येच गं. एक चक्कर."

पार्किंगमध्ये चिटपाखरू नव्हतं. बोलायचं तर हीच वेळ होती. मी गपचूप किल्ली दिली.

ते तडक गाडीच्या उजव्या बाजूला गेले, दार उघडून बसले आणि आयुष्यभर करतात तसा स्टिअरिंगला हात लावून नमस्कार करायला वाकले. तिथल्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे. हात लागला तो ग्लोव्ह बॉक्सला.

मला हसू येणार होतं, पण ते हसले नाहीत. मी डावीकडून आत येऊन बसले. त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली.

"नाशिकची गाडी विकली मी," ते म्हणाले. "तुझ्याकडे यायच्या आधीच. त्या वॉचमनचा चेहरा डोळ्यांसमोरून जाईना."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू म्हणाली असतीस, एकटे राहू नका, कायमचे माझ्याकडे या. मला नाशिकलाच राहायचंय."

"आणि आत्ता किल्ली कशाला मागितलीत?"

"शेवटचं एकदा. रस्ता मोकळा दिसला."

मला इतकं हलकं वाटलं की रडूच आलं. काकूंचा फोन, माझं ते वाक्य, सगळं सांगून टाकलं. नाशिक सोडा असं कधी म्हणणार नाही, हेही सांगितलं. "तीन आठवडे पोटात ठेवलंस?" म्हणून वर मलाच बोलणी बसली.

डोळे पुसले, गाडी रस्त्यावर काढली. त्या आनंदात काढली ती थेट डाव्या बाजूने, घरी चालवते तशी.

"उजवीकडे घे," बाबा म्हणाले. या वेळी ओरडले नाहीत.