पूजेची किल्ली

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की तोंड कडू होते. संस्थानी अमदानी होती. लष्कर शहरात महाराज बाडा नावाच्या चौकाच्या मागच्या अंगाला एका ठाण्यात मी दरोगा होतो. हद्दीत दाल बाजाराची एक बाजू आणि आपल्या दक्षिणी, म्हणजे मराठी, मंडळींच्या काही गल्ल्या येत. दाल बाजारात रोज भांडणे व्हायची, पण ती उघड. गल्ल्यांत भांडण नसे, नुसता मान असे. पोलिसाला भांडणापेक्षा मानाचा ताप जास्त होतो.

चौकीदार नेमण्याची तेव्हा एक रीत होती. ज्या जमातीवर सरकारने चोरीचा शिक्का मारला होता, तिच्यातलाच माणूस गल्लीच्या तोंडाशी झोपडी देऊन बसवायचा. म्हणजे त्याचे भाऊबंद त्या गल्लीला हात लावत नसत. त्या जमातीच्या पुरुषांना रोज संध्याकाळी ठाण्यात हजेरी द्यावी लागे, विचारल्याशिवाय हद्द ओलांडता येत नसे. चौकीदारी मिळाली की घराची हजेरी माफ. मी सांगतो त्या गल्लीचा चौकीदार उतारवयाचा होता. त्याचे दोन मुलगे माल उतरवायच्या पडावावर हमाली करत आणि कोणाला न विचारता जात-येत. एवढीच त्याची इस्टेट होती.

त्या गल्लीतले एक कुटुंब मुंजीसाठी उज्जैनला गेले आणि महिनाभर राहिले. परतले तर मागच्या दाराची कडी उचकटलेली आणि बाईंच्या पाटल्या, गोठ, चंद्रहार नाहीसे. फिर्याद नोंदवून मी पंचनामा केला. दुसऱ्याच दिवशी गल्लीतले एक वडीलधारे गृहस्थ ठाण्यात आले. सगळी गल्ली त्यांना काका म्हणे. एके काळी दरबारात मोठ्या हुद्द्यावर असलेले घराणे; पागोटे अजून तसेच, घर मात्र आतून रिते झालेले. त्यांनी खाजगीत खबर दिली की चौकीदाराला पहाटे गाठोडे घेऊन जाताना त्यांनी स्वतः पाहिले. एवढा मोठा माणूस पायरी चढून आला, म्हटल्यावर माझ्या वरिष्ठांना आणखी पुरावा नको होता.

चौकीदाराला हवालातीत टाकले. झोपडीची झडती झाली, काही मिळाले नाही. त्या काळची विचारपूस कशी असे ते मी गोड करून सांगणार नाही. जमादाराने हात चालवला. म्हातारा एकच वाक्य धरून बसला, "हुज़ूर, मेरे रहते गली में बाहर का कोई नहीं आया."

जमादार हसला. कोणी आले नाही, म्हणजे चोर हाच, असा त्याचा सरळ हिशेब. मला मात्र ते वाक्य खटकले. खोटे बोलणारा माणूस स्वतःसाठी एक तरी पळवाट ठेवतो. कोणी पाठमोरा दिसला म्हणतो, कुत्री भुंकली म्हणतो. याने सगळी दारे आपल्या हाताने बंद केली होती, कारण त्याला आपल्या पहाऱ्याचा अभिमान होता. आणि तो खरे बोलत असेल, तर चोर गल्लीतलाच होता.

मी पंचनामा पुन्हा काढून वाचला. कडी उचकटल्याच्या खुणा दाराच्या आतल्या बाजूला, असे मीच लिहून घेतले होते; म्हणजे ती आधीच घरात असलेल्याने उचकटली होती. देवघराची नोंद होती: देवांवर ताजे गंध, हिरवी तुळस. घर महिनाभर बंद, आणि तुळस हिरवी! मी तडक त्या घरी गेलो आणि बाईंना विचारले, किल्ली कोणाकडे होती? त्या म्हणाल्या, कोणाकडेच नाही, माझ्याच कनवटीला. मग देवांची पूजा कोण करत होते?

"काका करतात. आम्ही गावाला गेलो की तेच करतात, देव उपाशी कसे ठेवायचे?"

"मग दुसरी किल्ली त्यांच्याकडे होती."

"अहो दरोगासाहेब, ती किल्ली थोडीच! ती तर पूजेची." बाईंना माझ्या प्रश्नाचा रागच आला.

हवालातीत जाऊन मी म्हाताऱ्यालाही विचारले. काका रोज सकाळी त्या घरी जात, हे त्याला पक्के ठाऊक होते. पण काकांना तो 'आलेल्यां'त धरतच नव्हता. सगळी गल्ली ज्याला धरत नाही, त्याला हा बिचारा कुठून धरणार?

काकांकडे मी साध्या कपड्यांत गेलो. तेवढा मान मीही राखला. कडीच्या खुणा आणि तुळस, दोन्ही सांगितले. त्यांनी हातातली सुपारी कातरून तबकात ठेवली. मग म्हणाले, "आमच्याकडे पालखीचा मान होता. मुलगी भुंड्या हातांनी सासरी कशी पाठवू?" ते उठून आत गेले आणि दागिन्यांचे पुडके आणून माझ्यापुढे ठेवले. चौकीदाराबद्दल ते काही बोलतील म्हणून मी थांबलो. एक शब्द बोलले नाहीत. त्याचा मला आजही संताप येतो.

मला वाटले, गुन्हा उघडकीला आला. भाबडेपणा माझा! दुसऱ्या दिवशी गल्लीतली कर्ती मंडळी पागोटी घालून वरिष्ठांकडे हजर झाली. दागिने घरातच दुसऱ्या पेटीत सापडले, असे बाईंच्या यजमानांनी लिहून दिले. मी हरकत घेतली, तर वरिष्ठ म्हणाले, "एका घराण्याची अब्रू जाते आहे, आणि तुम्हाला चौकीदाराची पडली आहे?"

गुन्हा घडलाच नाही, म्हणून चोर कोणी नाही. चोर नाही, म्हणून चौकीदार निर्दोष ठरवण्याचाही प्रश्न नाही. हवालातीत बसलेला माणूस पहाऱ्याला नको, असे गल्लीने ठरवले. झोपडी आधीच मोडून टाकली होती. चौकीदारी गेली तशी माफीही गेली. म्हातारा आणि त्याचे दोन मुलगे रोज संध्याकाळी ठाण्यात उकिडवे बसू लागले, आणि त्यांची हजेरी मला घ्यावी लागे. थोरला मुलगा माझ्याकडे बघत नसे. काका मात्र रस्त्यात भेटले की आधी नमस्कार करत, आणि कोणी गावाला गेले की पूजेची किल्ली अजून त्यांच्याकडेच जाई.

मोहल्ल्याची सुरक्षा, मोहल्ल्याची सुरक्षा असे सगळे म्हणतात. माझ्या अनुभवाने सांगतो, लोकांना रक्षण हवे असते ते बाहेरच्यापासून. आतल्याचे नाव पुढे आले की त्यांना चोरीपेक्षा पोलीस जड होतो.

पुढे गल्लीने नवा चौकीदार ठेवला, त्याच जमातीतला, तरणाबांड. रिवाजाप्रमाणे त्याला माझ्यापुढे आणले. दरोग्याने त्याला इमानाने जागण्याची समज द्यायची असते. मी जमादाराला बाहेर पाठवले आणि त्याला सांगितले, "गल्लीत कधी चोरी झाली, तर कोणी आले नाही असे म्हणू नकोस. मला झोप लागली होती म्हण. नोकरी जाईल, पण मार खाणार नाहीस."