चोकच वाजत होता

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. मैत्रिणींना नाही, वडिलांना नाही. नवऱ्याला सांगितली असती — पण तो अजून व्हायचाय. आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवी होती ती बाई आत्ता स्वयंपाकघरात गवार मोडत बसलीय. माझी आई.

तर तुम्हालाच सांगते. जरा लांबून येईन, चालेल ना?

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. बी.एस्सी., वनस्पतिशास्त्र, फर्स्ट क्लास. हे मी गरजेपेक्षा जास्त वेळा सांगते, मला माहीत आहे — पण आमच्या भावकीत माझ्याआधी दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं, मग का नाही सांगायचं? खताची पिशवी मी वाचायची, औषधाची बाटली मी वाचायची, लाइट बिलाचं भांडण मी भांडायचं. आईचं ठरलेलं वाक्य — ती शिकल्याली हाय, तिला इचारा.

कुणी इतका विश्वास टाकला की माणूस नीट वागतो, असं वाटतं तुम्हाला? मलाही वाटायचं.

पदवीनंतर मी घरीच, देवळाली प्रवऱ्यात, रोपवाटिका काढली. थंडीत ढोबळी मिरचीची रोपं लांबट, मलूल होतात. म्हणून धान्याच्या बिनखिडकीच्या खोलीत दिव्याखाली रोपं वाढवायची असं ठरवलं. दोन वर्षं माझ्या लग्नाचं नाव काढू नका, हे नानांकडून, म्हणजे वडिलांकडून, कबूल करून घेतलं. एका बंद पडलेल्या पॉलिहाउसातला सोडियमचा मोठा दिवा आणला, चोकसकट. चोक म्हणजे दिव्याला वीज मापात देणारा लोखंडी डबा — विटेएवढा, पण उचलायला वरवंट्यासारखा जड. नाना म्हणाले, जुना माल आहे, ताप देईल. मी म्हणाले, नाना, मी शिकलेय.

लावला, आणि तो वाजायला लागला. एका सुरात, दिवसभर — भिंतीत आग्यामोहोळ बसल्यासारखा. तापायचा तर इतका, की वर पापड भाजावा.

हा आवाज ऐकू येणारी माणसं घरात दोनच. नानांची हयात साखर कारखान्यात, गाळपाच्या धडधडीत गेली. त्यांना हाक मारायची तर खांद्याला हात लावावा लागतो. राहिले मी आणि आई. आणि आईचा कान काय सांगू — भाकरी थापता थापता ती सांगायची, विहिरीवरची मोटर पाणी ओढतेय की हवा. दूध उतू जायच्या आधी तिला कळायचं.

तिसऱ्या दिवशी तिनं विचारलंच, हा कसला आवाज येतो गं सारखा?

खरं बोलायला काय लागत होतं? चोक वाजतो — दोन शब्द. पण मग आई ते नानांच्या कानाशी ओरडून सांगणार, नाना म्हणणार, मी बोललो नव्हतो? — आणि पुढच्या आठवड्यात पाहुणे पोहे खायला हजर. मी म्हणाले, आवाज? मला तर नाही येत.

इथं तरी थांबावं की नाही? पण शिकलेली ना मी! पेन घेतलं आणि वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात कानाचं चित्र काढलं. पडदा, त्यामागची हाडं, गोगलगाईसारखा आतला कान. म्हटलं, वय झालं की आतल्या नसा आपोआप वाजतात. बाहेर काही नसतं.

"तुझ्या कानात आहे ते, आई."

हा — हाच तो गुन्हा. आता लिहून टाकला.

तिनं काय केलं असेल? तो कोपरा फाडून घेतला आणि आळीभर दाखवला. माझ्या पोरीनं कानाच्या आतलं काढून दाखवलं म्हणाली. आणि मला काय वाटलं, विचारता? चित्र चांगलं आलं होतं, याचं बरं वाटलं.

मग उपचार सुरू झाले. लसणीचं कोमट तेल, कापसाचे बोळे, डोक्याला फडकं. राहुरीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कान ठणठणीत आहेत. पायऱ्या उतरताना आई मला म्हणाली, "त्याला न्हाई कळलं. तुला बरुबर कळलं."

मी मान हलवली. डॉक्टरवर मात करायची संधी कोण सोडतं?

इकडं चोरून मी चोकच्या मागं लागलेच होते. पहिली अक्कल अशी चालली, की त्याला गोधडीत गुंडाळला. आवाज गेला! अर्ध्या तासानं करपल्याचा वास. आई आतून म्हणाली, काहीतरी जळतंय. आता हे तुझ्या नाकात आहे असं तर सांगता येईना. इस्त्री विसरले म्हणून ठोकून दिलं. तापणाऱ्या वस्तूला पांघरूण घालायचं नसतं, हे कळायला बी.एस्सी. लागत नाही — फर्स्ट क्लास तर मुळीच नाही.

मग आई मावशीकडं बारशाला कोपरगावला गेली, चार दिवस. मी वीज बंद करून चोक काढला. झाकणाचे स्क्रू ढिले होते, ते आवळले. इतके दिवस तो प्लायच्या पोकळ कपाटावर ठेवला होता — म्हणजे ढोलकीवरच की! ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे जाड तुकडे कापले, त्यांवर त्याला बसवला आणि खोलीबाहेर पडवीतल्या कोनाड्यात नेला. वायर तेवढी वायरमनकडून लांबवून घेतली. पुढं जाळी, भोवती हवा खेळायला जागा, शेजारी जुन्या कॉम्प्युटरमधला छोटा पंखा. खोली गार झाली आणि चोक असा गप्प बसला, की मलाच चुकल्या-चुकल्यासारखं वाटलं.

आई आली. हा डबा इथं का, म्हणाली. तापत होता, मी म्हणाले. हे खरं होतं — अर्धं. मग तिनं सांगितलं, की तिच्या कानातलं वाजणं कोपरगावात पाय ठेवल्या दिवशीच थांबलं. गंगेत डोकं बुडवलं आणि गेलं. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. झालं! आळीतल्या दोघीजणी कानासाठी कोपरगावला जाऊन आल्या. एकीला फरक पडला म्हणे.

हसलात ना? मीही हसायची, उशीत तोंड घालून. ही गोष्ट इथं संपली असती, तर मी तुम्हाला कधीच चहाबरोबर सांगितली असती.

उन्हाळ्याच्या तोंडाला विहिरीचं पाणी खाली गेलं. एका दुपारी मी कानात गाणी लावून ट्रेमध्ये बिया टाकत होते. नाना ओसरीवर. आई ओट्यावर शेंगा फोडत होती आणि मागं विहिरीवर मोटर चालू होती. पाणी संपलं, मोटर हवा ओढत राहिली, आणि जळाली. धूर दिसला तेव्हा कळलं.

मी चिडले. आई, तू इथंच होतीस, तुला ऐकू नाही आलं?

"आलं गं. आवाज पातळ झाल्ता," ती म्हणाली. "मला वाटलं, पुन्हा माझ्या कानातच वाजाया लागलं."

शेंगांची टरफलं मांडीवर तशीच. चेहरा — चूक झालेल्या लहान मुलीसारखा.

तेव्हा सांगायचं होतं. तोच क्षण होता, दुसरा नव्हता. आणि मी काय म्हणाले? असू दे, होतं असं कधी कधी. मी तिला माफ केलं — कळतंय ना तुम्हाला? मी, तिला.

मोटरचं जळालेलं वायंडिंग भरून येईपर्यंत आम्ही दोघींनी शेजारच्या हापशावरून कळशांनी पाणी आणलं. ती माझ्याहून दोन खेपा जास्तच करायची, वर गमती सांगायची. रोपं जगली. रोपवाटिका छान चाललीय, लोक कोनाडा बघायला येतात, आणि मी ट्यूबचे तुकडे दाखवून भाषण देते.

सांगितलं तर ती रागावणार नाही. उलट हसेल, आळीत सांगत सुटेल, माझ्या पोरीनं मला कशी बनवली. हे मला पक्कं माहीत आहे. तरी वर्ष झालं.

आता कसलाही आवाज आला, की ती आधी माझ्याकडं बघते. परवा डाळ लावली होती. ती शेगडीपाशीच उभी होती, मी दारात.

"किती शिट्ट्या झाल्या गं?" तिनं मला विचारलं.

तीन, मी म्हणाले. मग तिनं गॅस बंद केला.