वडीगोद्रीच्या दुकानाची बरोबर जागा

नवीन जालन्यात मी वेबसाइट बनवायचं काम करते. एकदा एका बियाणं कंपनीच्या शेठजींनी काम दिलं. जिल्ह्यातल्या त्यांच्या चाळीसेक विक्रेत्यांची दुकानं वेबसाइटवर नकाशात दिसायला हवी होती.

"मोबाइलच्या नकाशात सगळी दुकानं हायेतच," शेठजी म्हणाले. "तिथनं जागा उचला अन् आपल्याकडं टाका. जल्दी होईल."

त्या नकाशासेवेच्या अटी मी वाचल्या होत्या. त्यातले अक्षांश-रेखांश घाऊक उतरवून स्वतःजवळ साठवायला आणि दुसऱ्या नकाशावर वापरायला मनाई होती. मी तसं सांगितलं.

"कोण बघायला येतंय?"

"कुणी न्हाई आलं तरी काम माझं आहे. जागा आपणच मोजू. नकाशा सगळ्यांना खुला असलेला वापरू, खाली तो बनवणाऱ्यांना श्रेय देऊ. दहा दिवस द्या."

शेठजींनी मान हलवली, पण मनापासून नाही.

बहुतेकांना मी फोन केले. दुकानाबाहेर उघड्यावर उभे राहा, मोबाइलमधलं जीपीएस सुरू करा, दिसतील ते आकडे वाचा. पिंपळगाव रेणुकाईच्या दुकानदारानं एकेक आकडा इतका सावकाश वाचला की मला पुन्हा विचारावंच लागलं नाही.

ज्यांना हे जमेना, त्यांच्याकडे मी स्कूटरवर गेले. निवृत्त शिक्षक असलेले माझे वडील वही घेऊन मागं बसले. वडीगोद्रीचं दुकान एक बाई चालवत होत्या.

"माझं दुकान मोबाइलच्या नकाशात हायवेच्या पल्याड दाखवून राह्यलंय," त्या म्हणाल्या. "मालाची गाडी दर खेपेला तिकडंच जाती."

जागा उचलली असती तर ही चूकही माझ्या नावावर आली असती.

पत्र्याखाली आकडे हलत होते, म्हणून आम्ही बाहेर उन्हात आलो. ते स्थिर होईपर्यंत थांबलो. वडिलांनी आकडे लिहिले आणि शुद्धलेखन घालावं तसे दोनदा मोठ्यानं वाचले. बाईंनी माझ्या मोबाइलवर ते ताडून पाहिले.

वेबसाइट सुरू झाल्यावर काही दिवसांनी बाईंनी शेठजींना फोन केला. "तुमच्या वेबसाइटवरची जागा बघून गाडी बराबर दारात आल्ती."

शेठजींनी मला बोलावून घेतलं. "परभणीचे विक्रेतेही करून टाका," ते म्हणाले. "पण मोजूनच."

मी पंधरा दिवस मागितले. त्यांनी घासाघीस केली नाही.