सतरावी कडी

मी वाचायला शिकलो ते दोराच्या वेटोळ्यात दडवलेल्या पत्रकांवर. माझे वडील, आप्पा, मांजरा नदीच्या उतारावर, म्हणजे नदी पार करायच्या जागी, नावाडी होते. निजामाच्या शेवटच्या वर्षांत सोलापूरकडून येणारी पत्रकं ते नावेतून अलीकडं आणत. नांगराचा दोर नावेच्या पुढच्या टोकाला पडलेला असे, त्याच्या पोटात. पोलीस सगळी नाव झाडून बघत, पण चिखलानं माखलेला ओला दोर उचलायची त्यांना किळस येई. पत्रकं पुढच्या गावी जाईपर्यंत मी ती वाचून काढायचो. जुलूम, शोषण, जनता हे शब्द मला आजही अंबाडीच्या कुबट वासासकट आठवतात.

आप्पांना अक्षर येत नव्हतं. दोरातलं मात्र सगळं येत होतं. पाणी उतरलं की ते दोर धुऊन सावलीत वाळवत. उन्हात अंबाडी ठिसूळ होते. मग जागोजागी पीळ उकलून आतला धागा बघत, कारण दोर कुजतो तो आतून. दरवर्षी टोकं पालटत, म्हणजे नांगराकडचं टोक नावेकडं येई आणि झीज वाटली जाई. मापाला दोन्ही हात पसरून वाव धरत. तीन वाव पाण्याला पंधरा वाव दोर, त्याहून कमी नाही. आखूड दोर नांगराला वर उचलतो, लांब दोर त्याला तळाशी निजवतो. आणि नांगराजवळचे शेवटचे दोन वाव साखळीच हवी, कारण तळाच्या खडकावर दोर कापला जातो. पुराच्या पाण्यात नाव ढकलायचा बांबू तळाला टेकत नाही. तिथं ओढ वाढली तर नावेतल्या माणसांना फक्त नांगर धरून ठेवतो.

अठ्ठेचाळीस साली राज्य गेलं. उताराचा ठेका घेतलेला गुत्तेदार गेला नाही, त्यानं फक्त टोपी बदलली. नाव त्याची, मेहनत आप्पांची. दोन वर्षांनी जुनी साखळी झिजली, तेव्हा त्यानं बीदरच्या भंगारातून एक साखळी आणली, डांबर फासलेली. आप्पांनी ती बाभळीला टांगली आणि लहान हातोडीनं एकेक कडी वाजवत गेले. चांगली कडी खणकन वाजते, तडकलेली बद्द वाजते. सतरावी बद्द वाजली. डांबर खरवडलं तर खाली केसाएवढी भेग.

"मालक, ही कडी तडकल्याली हाय. लव्हाराकडून बदलून घ्या."

"लोखंड हाय ते, तुझी अंबाडी न्हाई. कामून घाबरायलास?"

"म्या कुटं घाबरायलाव? नदी घाबरत न्हाई, म्हणून म्हणायलाव."

"तुला जमत नसंल तर दुसरा नावाडी बघतो," गुत्तेदार म्हणाला आणि सायकलीवर टांग टाकून गेला.

मी तेव्हा बीदरला शिकत होतो, सुटीत घरी आलो होतो. माझं रक्त खवळलं. तहसीलला दरखास्त द्यायची ठरवली आणि दोन दिवस बसून चार पानं लिहिली. नव्या राज्यात जुनेच लोक कसे मोकाट आहेत, टोप्या बदलून शोषण कसं बदलत नाही, कष्टकऱ्यांच्या घामावर कोण पोसलं आहे. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. मी ती आप्पांना वाचून दाखवली. भेग खडकावर घासू नये म्हणून ते सतराव्या कडीला काथ्या आवळून गुंडाळत बसले होते.

"साखळीचं कुटं आलं?" त्यांनी विचारलं.

"येतंय की पुढं."

"कितवी कडी ते लिवलास न्हवं?"

"आप्पा, ही एका कडीची गोष्ट न्हाई. सगळी पद्धतच सडलीय."

"पद्धत पाण्यात सोडायची न्हाई, लेकरा. साखळी सोडायची हाय."

मी हसलो. अडाणी माणसाची समजूत म्हणून हसलो. शब्दही न बदलता ती चार पानं तहसीलला देऊन आलो.

आप्पा दर आठवड्याला नांगर वर घेऊन काथ्या नवा करत. खडक तो खात होता. श्रावणात पूर आला आणि दहा दिवस नाव काठाशी त्याच नांगरावर धरून ठेवावी लागली, काथ्या नवा करता आला नाही. अकराव्या दिवशी, बाजाराच्या दिवशी, तसाच नांगर उचलून नाव सोडली आणि भर दुपारी ती मधल्या धारेच्या ओढीत सापडली. आप्पांनी नांगर टाकला. त्यानं तळ धरला, दोर ताणला, आणि मग एकदम सैल पडला. वाहत गेलेली नाव खालच्या अंगाला बाभळींवर आदळून फुटली. माणसं फांद्यांना धरून वाचली. एका बाईच्या दोन शेळ्या गेल्या.

पंचनाम्याला तहसीलचा कारकून, पेशकार, आला. दोराला साखळीचा तुटका तुकडा लोंबत होता, तुटल्या कडीला काथ्याच्या चिंध्या होत्या.

"पैले इत्तला दिए थे क्या?" त्यानं विचारलं.

"व्हय साहेब," आप्पा म्हणाले, आणि त्यांची मान ताठ झाली. "पोरानं लिवून दिलंय. तुमच्याच दफ्तरात हाय."

पेशकारानं बस्त्यातून माझी दरखास्त काढली. एकेका ओळीवर बोट फिरवत त्यानं चारही पानं वाचली. मग पुन्हा पहिल्या पानावर आला.

"इसमें जंजीर किधर है?"

आप्पांना 'येतंय की पुढं' म्हणालो होतो, ते मी लिहिलंच नव्हतं.

गुत्तेदारानं कागद हातात घेतला. "भाषण झकास हाय की. सभेला म्हण." लोक हसले. ज्यांच्यासाठी मी ते लिहिलं होतं तेच हसले. मग त्यानं चिंध्यांकडं बोट दाखवलं. "चांगल्या साखळीला ओला काथ्या बांधून यानंच गंज चढवलाय, साहेब. लिवा."

पेशकारानं लिहिलं. उतार आप्पांच्या हातून गेला. त्या चोरांना मी कधी माफ करणार नाही. पण त्यांना सुटायला वाट माझ्याच कागदानं दिली, हे लिहिल्याशिवाय मला त्यांच्याविरुद्ध पुढचं अक्षर लिहायचा हक्क नाही.

परतताना आप्पा गावाच्या वेशीपाशी थांबले.

"सतरावी," तिथं ते म्हणाले. "येवढं एकच लिवायचं होतं."

आता ते दुसऱ्याच्या रानात खुरपायला जातात. उतारावर नवी नाव आहे आणि तिला तीच साखळी, तळातून काढून तुटल्या जागी तारेनं जोडलेली. मी नवी दरखास्त दिली, एका ओळीची. उत्तर आलेलं नाही. मांजरेचं पाणी पायी ओलांडण्याइतकं उतरेपर्यंत आप्पा पलीकडं जात नाहीत.