केशोरीची मुलगी आणि पाणनेचा

दोन ठिकाणी नकार मिळाल्यावर दिनकरला मुलगी दाखवायला मी, थोरली बहीण, स्वतः घेऊन जायचं ठरवलं. आमचा हा भाऊ कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. झाडाझुडपांवर तासभर बोलेल, पण माणूस समोर आलं की दातखीळ बसते.

नागपूरहून गोंदिया. लढाईचे दिवस, डब्यात पाय ठेवायला जागा नाही. तुम्ही जाणार असाल तर गोंदियातच पोटभर खाऊन घ्या, कारण अर्जुनीची छोटी गाडी इतकी रमतगमत जाते की भूक दोनदा लागते. पुढे केशोरीपर्यंत छकडा. भाडं आधीच ठरवा, नाहीतर उतरताना वाद ठरलेला.

वाटेत धान कापलेल्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. नवरदेवाने एकाएकी उडी मारली ती थेट चिखलात, नव्या धोतरासकट! चारपानी नावाचा पाणनेचा दिसला म्हणे. त्याच्या देठांच्या बुडाशी मसुरीएवढ्या कडक काळ्या गाठी असतात, त्या याने खिसाभर खुडल्या.

"काऊन जी, नागपुरात भाजी नाही भेटत का?" गाडीवानाने विचारलं.

केशोरीला पोहोचलो. मुलगी, यमुना, चहा घेऊन आली. दिनकरने मान वर केली नाही. वाटीभर पाणी मागितलं, अडकित्त्याने एका गाठीला चीर दिली आणि पाण्यात सोडली. चहा संपेपर्यंत आतून पांढरी बुळबुळीत दोरी निघाली. "हिच्यावरच्या पुड्यांत मोठे बीजाणू मादीचे, बारीक नराचे. नर पेशी पोहत मादीकडे जाते," हे तो मुलीच्या बापासमोर बोलला! बापाला ठसका लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

यमुनेने मात्र विचारलं, "अन् चीर नाही देल्ली तं?"

"मग कवचातून पाणी शिरत नाही. वर्षानुवर्षं तशीच पडून राहते," दिनकरने वाटीला सांगितलं.

तिने एक गाठ उचलली. "हे मले राहू द्या. तुमच्या वाटीत चार पानं आली का या. मंग सांगीन."

बाप डोळे वटारून पाहत राहिला.

घरी आईने विचारलं, "दिसायला कशी आहे?"

"हुशार आहे."

"अरे, रंग? डोळे?"

"पाहिलं नाही."

"मग तिथे पाहिलंस काय, गाढवा?"

त्याने तिथून आणलेली वाटी दाखवली. वाटी खिडकीत बसली आणि हा तिच्यासमोर. आधी सुईसारखं एकच पान आलं, पुढे दोन पाती फुटलेलं, आणि अखेर चार. त्या दिवशी पठ्ठ्याने दाढी केली आणि वाटी मांडीवर घेऊन एकटाच केशोरीला गेला.

परतला तो वाटीसकट. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "ताई, तिच्या वाटीत गाठ जशीच्या तशी आहे. म्हणाली, 'पानी रोज बदललं, पन चीर नाही देल्ली. तुमी त्या दिवशी एकडाव जरी वर पाह्यलं असतं, तं देल्ली असती.'"

म्हणजे हा तिसरा नकार. मी त्याच्या हातातून वाटी घेतली आणि हौदात रिकामी केली.

तो नेचा आता आमच्या हौदभर पसरलाय. त्या संध्याकाळी दिनकर आईजवळ जाऊन बसला.

"सावळी आहे," तो म्हणाला. "डाव्या भुवईत जुना व्रण आहे. आणि बोलताना सरळ डोळ्यांत बघते."