नदीकडचा वाटा

नाशिकचे लोक गोदावरीला गंगा म्हणतात. आमची मासेमारांची वाडी त्या गंगेच्या काठावर, शहराच्या बाहेर होती. आता ती शहराच्या आत आहे. आम्ही कुठे गेलो नाही, शहरच चालत आलं आणि येताना वाडीचं नावही गिळून बसलं. रिक्षावाल्याला वाडी म्हटलं तर तो डोकं खाजवतो, इमारतीचं इंग्रजी नाव सांगितलं की लगेच "बसा" म्हणतो. मला याचा अजून राग येतो.

बिल्डरने घरांच्या बदल्यात फ्लॅट दिले. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आणि थोरल्या काकांना तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर. एकाची खिडकी नदीकडे, दुसऱ्याची शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे. कुठला कुणी घ्यायचा ते तुम्हीच ठरवा, असं म्हणून बिल्डर मोकळा झाला. नदी दोघांनाही हवी होती. ज्या भावांनी उभा जन्म एका होडीत काढला, एक वल्हं मारणार आणि दुसरा जाळं टाकणार, ते एकमेकांशी बोलेनासे झाले. घरं तयार, आणि आम्ही सगळे भाड्याच्या खोल्यांत. आबा जेवता जेवता मध्येच थांबायचे. फ्लॅटपेक्षा काकांचा अबोला त्यांना जास्त लागला होता. पण माघारीचा विषय काढला की दोघांच्याही नाकाला मिरच्या झोंबायच्या.

भाऊबीजेला आत्या आली. तिने ओवाळायला साफ नकार दिला.

"आधी वाटे पाडू," म्हणाली, "मग ओवाळीन. नायतर ताट घेऊन अशीच माघारी जाते."

आमच्यात होडी काठाला लागली की मासळीचे गोणपाटावर सारखे ढीग करत. एकाने पाठ करून उभं राहायचं, दुसऱ्याने एका ढिगावर बोट ठेवून विचारायचं, "ह्यो कुणाचा?" पाठमोऱ्याने नाव घेतलं की तो वाटा त्याचा. मिळालेल्या वाट्यावरून कुणी भांडल्याचं मी कधी पाहिलं नाही.

आत्याने गोणपाट अंथरलं, दोन घरांच्या दोन किल्ल्या त्यावर ठेवल्या आणि पाठ करायला माझ्या आईला उभं केलं. आता गंमत अशी की नदीकडचं घर आईला आबांपेक्षा जास्त हवं होतं. पडद्याचं कापडसुद्धा तिने बघून ठेवलं होतं. आत्याने नदीकडच्याच किल्लीवर बोट ठेवलं.

"ह्यो कुणाचा?"

"थोरल्या भाऊजींचा," आई म्हणाली.

वळून बघते तर काय! तिने कपाळावर हात मारला. "थोरल्याला सोडून धाकल्याचं नाव आधी कसं घेऊ? जीभच वळंना माझी!"

आधी आबांना हसू फुटलं. काकांनी दाबायचा प्रयत्न केला, पण तेही डोळे पुसायला लागले. आई पुढे कितीतरी दिवस रुसून होती, फक्त रुसायचं कुणावर ते तिला ठरवता येईना.

तेव्हापासून रोज सकाळी काका आमच्या दारात हजर. "पाणी लय निवळ हाय रे. आज पलीकडनं टाकू." आबा गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "वल्हं मी घेतो." होडी केव्हाच मोडीत गेली होती, आणि जिना उतरायचा तर दोघांचेही गुडघे कुरकुरत. आबा काकांच्या घरी चहाला जात, पण खिडकीपाशी म्हणून फिरकत नसत. दुसऱ्याच्या वाट्यात डोकावू नये, म्हणायचे.

गेल्या उन्हाळ्यात काकांना दवाखान्यात ठेवलं. पहिल्याच सकाळी आबांना दार सुनं वाटलं. चहा तसाच टाकून ते समोर गेले, त्यांच्या मागे मी. आयुष्यात पहिल्यांदा ते त्या खिडकीशी उभे राहिले. खाली या काठापासून त्या काठापर्यंत नुसती पाणवेल होती. पाणी कुठे दिसतच नव्हतं. आबांनी मला काकांना फोन लावायला सांगितला. मी तो स्पीकरवर ठेवला.

"दादा, पाणी लय निवळ हाय आज," आबा म्हणाले. "तू ये, मग जाऊ."



"हां," काका म्हणाले. "मीबी तुला रोज असंच सांगायचो."