सासूच्या रांजणातला जांग

बोक-निमच्या जेवणाचं कुणी कौतुक केलं की ती भांडी घासायला निघून जायची. "बसलात ना जेवायला? मग जेवा," एवढंच तिचं आदरातिथ्य. नवरा गेल्यावर तिने मागची खोली पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. गोक्सोंगच्या बाजूचं नदीकाठचं खेडं, बघण्यासारखं काही म्हणता काही नाही, तरी सोलहून माणसं यायची, परदेशातूनही यायची. यायची ती तिच्या हातचं खायला. आणि तिला विचाराल तर त्यात तिचा हात कुठेच नव्हता, जे काही होतं ते रांजणाचं.

मागच्या अंगणात दगडी कट्ट्यावर रांजणांची रांग होती. त्यातला सगळ्यात बुटका, पोट सुटलेला, तो सासूचा. सोयाबीन शिजवून, कुटून, त्याच्या विटा गवताने बांधून टांगायच्या, चांगल्या मुरल्या की मिठाच्या पाण्यात बुडवायच्या आणि त्यातून उतरतो तो काळा जांग. सासूच्या रांजणातून वर्षभरात जेवढा जांग काढावा तेवढा नवा त्यात ओतायचा, म्हणजे तो कधी रिकामा होत नाही. सासूच्या सासूचा थेंबही त्यात अजून आहे म्हणतात. घर फिरलं की घराचे वासे फिरतात हे आपण ऐकलंय. या गावात आधी जांग फिरतो आणि मग घर.

आणि या वर्षी जांग फिरला होता.

वसंतात बोक-निम तापाने चांगली फणफणली. अंथरुणातून उठली ती तशीच कामाला लागली. नवा जांग उतरवला, सासूच्या रांजणात ओतला आणि बोट बुडवून चाखलं. काही नाही. ना खारट, ना गोड, ना तो शेवटी घशाशी रेंगाळणारा वास. जवाचं पाणी प्यावं तसं. इतक्या पिढ्यांचा रांजण, आणि आपण आपल्या हाताने त्यात घाण ओतली.

तिने कुणाला सांगितलं नाही. शेजारणीला चाखायला द्यावं तर संध्याकाळपर्यंत गावभर बोभाटा. रोज ऊन पडलं की झाकण काढायचं, ढग दिसला की धावत जाऊन लावायचं, आणि मनातल्या मनात रांजणाच्या विनवण्या करायच्या. जेवण जाईना. तोंडाला चवच नाही, काळजीने दुसरं काय होणार, असं ती स्वतःला समजावायची. बुसानला तिची सून आठव्या महिन्यात होती. बोक-निम दिवसातून दोनदा मुलाला फोन करू लागली.

"आई, ती ठीक आहे. सकाळी सांगितलं ना," क्यु-हान वैतागायचा.

"सकाळचं सकाळी झालं. आता कशी आहे?"

असल्या गोष्टींवर आपला विश्वास नाही, असं ती चारचौघांत म्हणायची. एकटी असली की मात्र हात फोनकडे जायचा. त्यात जूनमध्ये सासूचं श्राद्ध. मोक्पोच्या वन्सं येणार, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. वन्संची जीभ दोन्ही अर्थांनी तिखट, चाखायलाही आणि बोलायलाही. सासू गेली त्या दिवशी सगळ्या भाऊबंदांसमोर त्या म्हणाल्या होत्या, "या वी घराण्यातल्या पोरीच्या हातात आईचा रांजण टिकला तर मी माझं आडनाव बदलीन." इथे लग्न झालं म्हणून बाईचं आडनाव बदलत नाही. को घराण्यात जन्म काढला तरी बोक-निम वीच राहिली, आणि वन्संनी ते तिला कधी विसरू दिलं नाही. तेव्हापासून त्या दर श्राद्धाला यायच्या, जेवायच्या आणि हात हलवत परत जायच्या. बाटलीभर जांग न्या म्हटलं तर, "मोक्पोत दुकानं आहेत की."

श्राद्धाच्या आदल्या आठवड्यात इल्झे आली. ही लाटव्हियाची, तिशीची, गावोगाव फिरून जेवण शिकणारी पोरगी. कोरियन मोडकंतोडकं, पण लाज नाही. बोक-निमच्या मागे मागे फिरायची, लसूण सोलायची, मांडी घालून बसता येत नाही म्हणून हळहळायची. आणि ताटात काहीही पडो, "आजी, मस्त!"

हिला उकळलेलं पाणी दिलं तरी मस्तच म्हणेल, बोक-निमला वाटायचं. हिच्या मस्तचा काय उपयोग? पोरगी जेवताना तांब्याभर पाणी प्यायची, तेही तिने उन्हाच्या खात्यावर टाकलं.

श्राद्धाच्या दिवशी सकाळी बोक-निमने रस्सा करण्यासाठी सासूच्या रांजणातून बाटलीभर जांग काढला. हात धजेना. ती बाटली फ्रिजमध्ये ठेवून सरळ लसूण उपटायला शेतावर निघून गेली. काम अंगावर आलं की शेतावर पळायची तिची जुनी खोड.

दुपारी घामाने निथळत ती परत आली, तर इल्झे ओसरीवर ट्रे घेऊन उभी. दोन ग्लास, बर्फ, आणि पोरीच्या चेहऱ्यावर मोठी फुशारकी.

"आजी, आलूबुखाऱ्याचं सरबत. मी केलं."

बोक-निमने ग्लास उचलला. इल्झे दोन्ही हातांत आपला ग्लास धरून थांबली. मोठ्या माणसाने घोट घेतल्याशिवाय लहानाने पिऊ नये, हे ती नीट शिकली होती. बोक-निमने घटाघटा अर्धा ग्लास संपवला आणि पदराने पुसावं तसं बाहीने तोंड पुसलं.

"गार आहे. बरं वाटलं."

मग इल्झेने घोट घेतला आणि ओसरीवरून थेट अंगणात फुर्र केलं. डोळ्यांतून पाणी, खोकला थांबेना.

"आजी! हे मीठ! समुद्र!"

बोक-निम स्वयंपाकघरात गेली. फ्रिजमध्ये दोन बाटल्या, दोन्ही पाण्याच्या जुन्या, दोन्हींत काळपट. सरबताचा पाक होता तिथेच होता, आणि जांगाची बाटली वीतभर रिकामी झाली होती. तिने ती उघडून तोंडाला लावली. काही नाही. मग मिठाच्या डब्यातून चिमूट घेऊन जिभेवर टाकली. खडे लागले, मीठ लागलं नाही.

ती तिथेच खाली बसली. इल्झे धावत आली, "माफ करा आजी, माफ करा," म्हणून हात जोडू लागली. पाहते तर म्हातारी हसतेय. पोट धरून, डोळे गाळत हसतेय.

"अगं माझी जीभ गेली," बोक-निम म्हणाली. "जांग नाही गेला. जीभ गेली मेली, तापात."

कुणाची जीभ गेल्यावर कुणी इतकं खूश झाल्याचं इल्झेने पाहिलं नव्हतं. बोक-निमने तिला हाताला धरून कट्ट्यावर नेलं, झाकण काढलं. "चाख. आणि मस्त म्हणशील तर रात्री उपाशी ठेवीन. खरं सांग."

इल्झेने बोट चाटलं, डोळे मिटले. "आधी खारट. खूप. मग... थांबा... मग गोड येतं. मागून. हळू." तिने ओठ चाटले. "आजी, मस्त नाही म्हणत. पण तुमचा रस्सा रोज जास्त खारट होता. मी बोलले नाही."

"मग तोंडात काय धरलं होतंस इतके दिवस?"

"पाणी," इल्झे म्हणाली.

तेवढ्यात फाटकातून आवाज आला. "उन्हात रांजण उघडा टाकून हसताय काय?" वन्सं. एका हातात पेअरची पेटी, दुसऱ्या हातात छत्री. हे काय, ही कोण, असं काही न विचारता त्या सरळ कट्ट्यावर आल्या, पेटी खाली ठेवली आणि बोट बुडवलं.

बोक-निमचं हसू गळालं. परक्या पोरीचं बोलणं निराळं आणि वन्संचं निराळं.

वन्संनी बोट चाखलं. पुन्हा बुडवलं. तिसऱ्यांदा बुडवलं तेव्हा त्यांची हनुवटी थरथरत होती.

"वन्सं, बिघडलाय का?" बोक-निमने विचारलं. "खरं सांगा. मला काही लागत नाही. ताप आल्यापासून जीभच गेलीय माझी. नवा ओतला तोही नुसता अंदाजाने."

"जीभ नसताना केलास हा?"

"हो."

"हाताने?"

"हाताने."

वन्संनी छत्री मिटली आणि नाक पुसलं. "उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चल. अशी कशी मेली जीभ जाते, बघू. तोवर मी इथेच राहते, चाखायला कुणीतरी हवंच." मग रांजणाकडे बघत, कुणाशी बोलल्यासारखं नाही, "जाताना मला एक बाटली भरून दे."

बोक-निमला वाटलं आपले कानही गेले. मग तिच्या छातीवरचं ओझं असं उतरलं की रडू आलं, आणि रडताना दिसू नये म्हणून तिने थट्टा काढली. "देते की. फ्रिजमध्ये पुन्हा घोळ नको, बाटलीवर नाव लिहूनच देते. पण वन्सं, आडनाव कुठलं लिहू? तुम्ही बदलणार होतात ना?"

वन्संनी झाकण उचलून रांजणावर नीट बसवलं.

"वी लिही," त्या म्हणाल्या.